पुन्हा पुन्हा बांधलेलं गाव

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाला हायलँड्स म्हणतात. तिथल्या बेडेनॉख या भागात अठराव्या शतकात विल्यम मॅकिंटॉश नावाचा एक खंडकरी शेतकरी होता. मजुरी किती दिली, धान्य कोणाला दिलं, कोणाकडून काय येणं आहे, अशा नोंदी तो आपल्या हिशेबाच्या वहीत करत असे. त्यातल्या १७६९ ते १७८२ या काळातल्या नोंदींवरून इझाबेल ग्रँट या इतिहासकार बाईंनी १९२४ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात लढाया नाहीत, सरदार नाहीत. एक शेत आणि त्यावर जगणारी माणसं एवढाच त्याचा विषय. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरचं पहिलं खुलं, म्हणजे उघड्या आवारात मांडलेलं, संग्रहालय मानलं जाणारं ‘हायलँड फोक म्युझियम’ याच बाईंनी उभं केलं.

हायलँड्सला इतिहास नव्हता असं नाही. १७४६ साली कलोडनच्या रणांगणावर तिथल्या बंडखोर घराण्यांचा सरकारी फौजेकडून पराभव झाला. सरकारने पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी घातली, ती १७८२ साली उठली. पुढे जमीनदारांना मेंढ्यांचे मोठे कळप कुळांच्या शेतीपेक्षा फायद्याचे वाटू लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खोरीच्या खोरी ओस पडत गेली. माणसं समुद्रकिनाऱ्याला, शहरात किंवा थेट कॅनडात गेली. त्याच काळात या मुलखाचं कौतुकही सुरू झालं. चौकड्यांचं कापड, ढाली-तलवारी, सरदारांची तैलचित्रं यांना मान मिळाला, वाड्यांच्या भिंतींवर जागा मिळाली. मागे राहिलं ते गरिबांच्या घरातलं सामान. हाताने फिरवायचं जातं, पाठीवर वाहायची विणलेली पाटी, माशाच्या तेलावर जळणारा लोखंडी दिवा, खडकाळ जमिनीत पायाने दाबून चालवायचा वाकडा नांगर. नवी वस्तू आली की जुनी चुलीत जायची, नाहीतर उकिरड्यावर.

ग्रँटबाईंनी नेमकं हेच गोळा करायला घेतलं. स्वीडनमध्ये १८९१ साली सुरू झालेलं स्कॅन्सेन हे खुलं संग्रहालय त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. १९३० साली त्यांनी इन्व्हर्नेस शहरात एक प्रदर्शन भरवलं. त्यासाठी लोकांनी घराघरांतून दोन हजारांहून अधिक वस्तू दिल्या. पण या वस्तूंसाठी कायमची जागा उभी राहिली नाही. तेव्हा १९३५ साली त्यांनी आयोना या छोट्या बेटावर एक वापरात नसलेलं चर्च घेतलं आणि आपला संग्रह तिथे मांडला. त्याला गेलिक भाषेत ‘अम फास्गघ’, म्हणजे आसरा, असं नाव दिलं. जागा पुरेना, म्हणून १९३९ साली संग्रह मुख्य भूमीवर लॅगन गावातल्या दुसऱ्या एका रिकाम्या चर्चमध्ये आला. तिथून तो गेला किंग्यूसी गावातल्या पिटमेन लॉज या घरात. घराभोवती तीन एकर मोकळी जागा होती. १ जून १९४४ रोजी, महायुद्ध चालू असतानाच, संग्रहालय तिथे लोकांसाठी उघडलं.

या तीन एकरांमुळे कामाला वेगळं वळण मिळालं. आता वस्तू ज्या घरात वापरली जायची, ते घरही उभं करता येणार होतं. लुइस बेटावरच्या घरांसारखं जाड भिंतींचं, गवताने शाकारलेलं घर तिथे बांधलं गेलं, ओढ्याच्या पाण्यावर चालणारी छोटी गिरणीही उभी राहिली. बाई स्वतः वस्तू हातात घेऊन लोकांना समजावून सांगत. जातं फिरवणारा हात, सूत कातणारी बोटं हेही संग्रहाचाच भाग आहेत, अशी त्यांची धारणा होती. १९६१ साली आलेलं त्यांचं ‘हायलँड फोक वेज’ हे पुस्तक या साऱ्या अभ्यासाचं सार आहे.

१९५४ साली त्या निवृत्त झाल्या आणि संग्रह ॲबर्डीन, एडिनबरा, ग्लासगो व सेंट अँड्र्यूज या चार विद्यापीठांच्या हाती गेला. १९७५ साली तो हायलँड्सच्या प्रादेशिक परिषदेकडे आला. १९८०च्या दशकात जवळच्याच न्यूटनमोर गावात सुमारे ८० एकरांची लांबलचक जागा मिळाली. हळूहळू सगळं काम तिकडे गेलं आणि किंग्यूसीची जागा बंद झाली.

आज न्यूटनमोरला तीसहून अधिक इमारती आहेत. कलोडनजवळच्या लीनाखचं पन्हळी पत्र्याचं चर्च, नॉकबेनची शाळा, शिंप्याचं दुकान, अशा बऱ्याचशा इमारती मूळ जागेवरून सुट्या करून आणून पुन्हा जोडलेल्या आहेत. पण आवाराच्या एका टोकाला झाडीपलीकडे जे उभं आहे, ते कुठूनही आणता आलं नसतं. ‘बाल्ये ग्येन’ नावाची ही अठराव्या शतकातल्या घरांची वाडी आहे. किंग्यूसीजवळ रेट्स नावाचं गाव होतं, ते एकोणिसाव्या शतकात ओस पडलं. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे उत्खनन झालं. जमिनीत सापडलं ते दगडी पायांचं आणि चुलींच्या जागांचं रूप. त्यावरून इथली घरं बांधली.

मुळात ही घरं टिकण्यासाठी बांधलेली नव्हतीच. दगडी पायावर नैसर्गिकरीत्या वाकलेल्या खोडांच्या जोड्या कैचीसारख्या उभ्या करायच्या. त्यांवर आढं आणि वासे. भिंती गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्यांच्या, आतून कुडाच्या. वर हेदर नावाच्या झुडपाची किंवा गवताची शाकारणी. धुराडं नाही. घराच्या मधोमध भुईवर पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचा, विस्तव. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं. धूर शाकारणीतून झिरपत बाहेर जायचा. त्याने लाकूड वाळलेलं राहायचं आणि किडीपासून वाचायचं. काजळीने काळी झालेली शाकारणी काढली की शेताला खत व्हायची. घर मातीतून यायचं आणि मातीत जायचं.

म्हणूनच अशा घराला कुलूप लावून ते जपता येत नाही. विस्तव विझला की ओल धरते, शाकारणी कुजते. त्यामुळे संग्रहालयाचे कर्मचारी इथे विस्तव पेटवतात, मातीच्या लाद्या कापतात, छप्पर नव्याने शाकारतात. खोड किती वाकडं असावं, लादी किती जाड कापावी, ती कोणत्या बाजूने ठेवावी, हे कागदावर फारसं कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ते पुन्हा बांधता बांधताच कळत गेलं. ‘आउटलँडर’ या मालिकेतल्या काही प्रसंगांचं चित्रीकरण या वाडीत झालं आणि जगभरातून लोक येऊ लागले. ते चांगलंच झालं. पण या वाडीचं खरं मोल पडद्यावरच्या दृश्यापेक्षा मोठं आहे. घर बांधण्याचं ज्ञान इथे कामातून पुढच्या हातांत जातं. सुट्या वस्तूंसाठी याच आवारात एक आधुनिक इमारत आहे. वस्तू दुरुस्त करण्याची आणि अभ्यासण्याची सोय तिथे आहे, आणि तिचं नावही ‘अम फास्गघ’ हेच आहे.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. पुण्यात दिनकर केळकर यांनी आपला मुलगा राजा याच्या स्मरणार्थ जे संग्रहालय उभं केलं, त्यात दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्यं यांना मानाचं स्थान आहे. तेही एका माणसाच्या ध्यासातून झालं. पण सह्याद्रीच्या माथ्यावरचं घर अजून अशा जपणुकीची वाट पाहतं आहे. कारवीचा कुड, शाकारलेलं छप्पर, शेणाने सारवलेली कणगी, पावसातलं इरलं, जाड घोंगडी यांची जागा सिमेंट, पत्रा आणि प्लास्टिक घेत आहेत. यात गावकऱ्यांचा काही दोष नाही. दरवर्षी मे महिन्यात छप्पर शाकारायचे कष्ट ज्यांनी उपसले, त्यांनी पत्रा घातला तर तो त्यांचा हक्कच आहे. मात्र इरलं विणणारे, कुड घालणारे हात आज ज्या वयाचे आहेत, ते पाहता फार वेळ हाताशी नाही.

ग्रँटबाईंकडे सुरुवातीला सरकार नव्हतं, विद्यापीठ नव्हतं. विचारायची चिकाटी होती आणि ऐकायची तयारी होती. तुमच्या गावी, आजोळी अशी एखादी वस्तू माळ्यावर पडली असेल तर ती भंगारात घालण्याआधी तिचं गावातलं नाव लिहून ठेवा. ती कोणी केली, कशाची केली, कशी वापरायची, तेही लिहा. ती करणारं माणूस हयात असेल तर त्याच्याकडून एकदा नवी करून घ्या, त्याच्या कामाचे योग्य पैसे द्या, आणि घरातल्या एखाद्या मुलाला शेजारी बसवा.