सनदेची मुदत आणि चार सेलांचा संगणक

अमेरिकेतील एओएल कंपनीने टेलिफोनवरून चालणारी आपली इंटरनेट सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केल्यापासून, मोडेमच्या त्या किंकाळीचे स्मरण करून हळहळण्याची एक साथच आली आहे. आणि विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे जे दार उघडले त्यातून ज्यांनी प्रथम पाऊल टाकले, त्यांना ही हळहळ क्षम्यही आहे. परंतु जुना लॅपटॉप आज इंटरनेटला जोडला जात नाही तो टेलिफोन गेला म्हणून, असा जो समज तीतून दृढ होऊ पाहतो, तो साफ चुकीचा होय. तारेला पर्याय पुष्कळ आहेत. अडते ते सनदेपाशी.

आजचे बहुतेक प्रत्येक संकेतस्थळ पान दाखवण्यापूर्वी आपल्या ओळखीची शिक्कामोर्तब सनद पुढे करते. ती देणाऱ्याची मूळ सनद आपल्या दप्तरी आहे काय, तिची मुदत सरली तर नाही ना, ही चौकशी ब्राउझरने करावयाची असते. १९९९ सालचा विंडोज ९८ चा लॅपटॉप ही चौकशी इमानाने करतो, पण मोडीत निघालेल्या कायद्याने. ही चौकशी ज्या नियमावलीने चालते त्या टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्याही मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या, त्याच वर्षी लेट्स एन्क्रिप्ट या सनदा देणाऱ्या संस्थेच्या सनदांना जुन्या यंत्रांत आधार देणारी एक मूळ सनद मुदतबाह्य झाली (तारीखही नेमकी ३० सप्टेंबरच!) आणि कित्येक धडधाकट यंत्रे उंबरठ्याबाहेर राहिली. त्यातून आतला बटणसेल संपून घड्याळ मागे गेलेले असले, तर आजची ताजी सनद त्या बिचाऱ्याला अद्याप अंमलात न आलेली वाटते.

आता मौज पाहा. या लॅपटॉपहून सोळा वर्षांनी वडील असलेला, टँडी कंपनीने १९८३ मध्ये विकावयास काढलेला टीआरएस-८० मॉडेल १०० मात्र या सर्व चौकशीतून सहीसलामत सुटतो, कारण त्याला सनद म्हणजे काय हेच ठाऊक नाही. चार पेन्सिल सेलांवर सुमारे वीस तास चालणारे, आठ ओळींच्या पडद्यावर प्रत्येकी चाळीस अक्षरे दाखवणारे हे यंत्र परगावी गेलेल्या अमेरिकन वार्ताहरांचे मोठे लाडके होते. बातमी टंकायची आणि अंगच्याच मोडेमने सेकंदाला तीस अक्षरे या गतीने कचेरीत धाडायची. त्यातील आज्ञावलीचा बराच भाग बिल गेट्स यांनी स्वहस्ते लिहिला होता. आमच्या पत्रकारितेच्या व्यवसायाशी या यंत्राचा असा ऋणानुबंध असल्याने माझा पक्षपात उघड आहे, तो वाचकांनी गोड मानून घ्यावा.

माझ्या एका अभियंता स्नेह्याने या यंत्राच्या पाठीमागच्या पंचवीस पिनांच्या सिरियल पोर्टातून एक उलटसुलट जोडणीची केबल काढून रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला लावली, यंत्रातला टेलकॉम हा जोडणीचा प्रोग्राम उघडून गती वगैरेसाठी ‘८८एन१ई’ हा संकेत दिला, एक कळ दाबली, आणि लॉगिनची विचारणा पडद्यावर उमटली. सनदा तपासणे, कुलपे उघडणे, चित्रे गाळणे हा सगळा कारभार तो छोटा मुखत्यार परस्पर पाहतो. म्हाताऱ्याने केवळ अक्षरे वाचायची. विंडोज ९८ लाही असा मुखत्यार नेमता येतो, मात्र मग त्या दोघांमधली ये-जा उघड्यावरच होते. बँकेचा पासवर्ड असल्या दरबारात उच्चारू नये.

मी हौसेने एक मराठी वर्तमानपत्र उघडावयास सांगितले. पडद्यावर युरोपीय स्वरचिन्हे आणि चौकटींचे तुकडे यांचा पाऊस पडला, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि यंत्र प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र अक्षर मानते. ‘मराठी’ एवढ्या एका शब्दाचे पंधरा अगम्य आकार! स्नेह्याने मुखत्याराला आधी रोमन लिप्यंतर करावयास लावले, तेव्हा कुठे त्या दिवसाचे मथळे जुन्या मोबाइलवरच्या लघुसंदेशांसारखे, कानामात्रेला मुकलेले, पण वाचता येतील असे एकेक ओळ वर सरकू लागले. वाचून झाल्यावर स्नेही यंत्राच्या मूळ यादीवर परतला. तेथे ‘१९’ हे आकडे कारखान्यातच कायमचे कोरलेले असल्याने वर्ष १९२५ दिसत होते, आणि त्याबद्दल कोणीही दाखला मागितला नव्हता.