'सीआयडी'चा न कापलेला एपिसोड आणि तुमची लॅबची वही



नेट-सेटचा अभ्यास चाललाय, पेटची तयारी चाललीय, आणि मधेच हा 'सीआयडी'वर काय लिहून राहिला, असं तुम्हाला वाटेल. पण संशोधनातली एक गोष्ट समजवायला मला याहून सोपं उदाहरण सापडत नाही.

'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. दीड हजारांहून जास्त एपिसोड झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ती परत आली. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न, दार तोडणारा दया आणि नरेंद्र गुप्ता यांनी साकारलेले डॉ. साळुंखे तुम्हाला सांगायला नकोत. साळुंखेंकडे केस द्या, माती द्या, रक्त द्या; जाहिरात संपायच्या आत रिपोर्ट तयार! हा वेग खरा नाही हे सगळ्यांनाच कळतं. पण आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही: तो केस घटनास्थळावरून साळुंखेंच्या टेबलावर पोचला कसा? तो भाग पडद्यावर नसतोच. तो एडिटिंगमध्येच गळतो.

आता एक वेगळा एपिसोड बघा. ७ नोव्हेंबर २००४ ला बी. पी. सिंग यांनी 'द इनहेरिटन्स' हा १११ मिनिटांचा एपिसोड एकाच शॉटमध्ये दाखवला. एकही कट नाही. त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. कट नाही म्हणजे काय? मधे काही बदललं, लपवलं, पुन्हा केलं असं म्हणायला जागाच नाही.

खऱ्या तपासात पुराव्याकडून हेच अपेक्षित असतं. पंचनामा, सील, लेबल, मुद्देमालाची नोंद, लॅबची पोच: वस्तू प्रत्येक क्षणी कोणाच्या ताब्यात होती, हे कागदावर सलग दिसलं पाहिजे. याला ताब्याची साखळी म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं आणि पुरावे गोळा करतानाचं चित्रीकरण व्हावं, अशी तरतूद आहे ती याचसाठी.

साखळी तुटली तर काय होतं? दिल्लीच्या छावला खटल्यात खालच्या कोर्टाने आणि हायकोर्टाने तिघांना फाशी सुनावली होती. ७ नोव्हेंबर २०२२ ला सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाने तिघांनाही सोडलं. कारणं अनेक होती. त्यातलं एक असं की फेब्रुवारी २०१२ मध्ये घेतलेले नमुने २७ तारखेला लॅबला गेले आणि तोवर पोलिसांच्या मालखान्यात पडून होते. त्यांच्यात ढवळाढवळ झालीच नसेल असं कोर्टाला म्हणता येईना. एका मुलीचा जीव गेलेला, तीन माणसांचा जीव टांगणीला, आणि मधले काही दिवस उत्तर देऊ शकत नाहीत. डीएनएचं मशीन कितीही भारी असू द्या, ते नमुन्याचा मागचा प्रवास सांगत नाही.

आता आपल्याकडे या. समजा, तुम्ही लकडगंजातल्या एखाद्या आरागिरणीतून सागाचा भुसा आणला. सूक्ष्मदर्शकाखाली सागात वाहिन्या दिसतात, पाइनमध्ये त्या नसतात. फरक सोपा आहे. पण त्याच आऱ्यावर सकाळी पाइन कापलं होतं का? पिशवीवर तारीख आहे का? चार दिवस ती कोणाच्या टेबलावर होती? हे लिहिलेलं नसेल तर स्लाइडवर पाइन दिसल्यावर दोष लाकडाचा, आऱ्याचा की टेबलाचा, हे गाइडही सांगू शकणार नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून तीन सवयी लावा. नमुना हातात घेतल्याबरोबर लेबल करा: काय, कुठून, केव्हा, कोणी. हात बदलला की वहीत वेळ आणि सही. आणि चुकलेलं खोडायचं नाही; एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख टाका. पेपर लिहिताना काटछाट करावीच लागते, तिथे खुशाल करा. वहीत मात्र कट नको.