दारू सुटल्यावर हाताला काम : तळोदा परिसराची शंभर वर्षे

दारू कशी सोडवावी, यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. दारू सोडलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी कोणाच्या बांधावर कामाला जायचे, याचा विचार त्या मानाने कमी झाला. तळोदा-शहादा पट्ट्यातील चळवळींची कागदपत्रे जमवताना आणि जुन्या माणसांशी बोलताना हाच प्रश्न मला वारंवार भेटला.

आधी दारू आणि मजुरी यांची गाठ समजून घ्यावी लागते. मोहाची दारू आदिवासींच्या घरात देवाला लागे, जन्म-मरणाला लागे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली आणि तीच दारू ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यावी लागली. विकत म्हणजे बहुधा उधार. लगतच्या दक्षिण गुजरातेत दारूचा ठेका आणि जमीन अनेकदा एकाच मालकाच्या हाती असे. मजुरीचा काही भाग दारूतच फिटे. उधारी फेडायला त्याच्याच शेतावर राबणे आले. अशा माणसाने पेला खाली ठेवला, की त्याचा मालकाशी असलेला व्यवहारही बदलतो.

१९२२ च्या अखेरीस दक्षिण गुजरातेत पसरलेल्या आणि खानदेशातही पोहोचलेल्या देवी चळवळीत हे स्पष्ट दिसते. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवीची आज्ञा येई : दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा. त्याबरोबर आणखी एक आज्ञा होती : दारूविक्रेत्यांच्या शेतावर कामाला जाऊ नका. ही आज्ञा पाळायची तर दुसरे काम हवे. वेडछी भागात गांधीवादी कार्यकर्त्यांनी चरखा आणला, तो या पोकळीत. पण सुताच्या कमाईवर घर चालणे अवघडच होते.

तळोदा तालुक्यातील मोरवड, म्हणजे आजचे रंजनपूर, येथे १९३७-३८ मध्ये संत गुलाम महाराजांनी वेगळा मार्ग दाखवला. दारू-मांस सोडणे, रोजची आंघोळ, सोमवारची आरती आणि परस्परांना ‘आप की जय’ असे अभिवादन. १९३८ मध्ये महाराज वारले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे नेले. मला यातला ‘आप’ हा शब्द सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याला जन्मभर ‘अरे-तुरे’ ऐकावे लागले, त्याला आपल्याच माणसांकडून ‘आप’ ऐकू आले. मान मिळालेला माणूस मजुरीची घासाघीस ताठ मानेने करतो. मात्र जमीन आणि उचल हे प्रश्न आरतीने सुटणारे नव्हते. खानदेशात आखाजीला सालदाराचे साल ठरते. त्या दिवशी घेतलेली उचल वर्षभर माणसाला बांधून ठेवते, मग तो पिणारा असो वा माळकरी.

ही गाठ सोडवायला १९७२ साल उजाडावे लागले. भजनी परंपरेतून आलेले अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी यांच्या श्रमिक संघटनेने बळकावलेल्या जमिनी आणि सालदारांची मजुरी हे प्रश्न हाती घेतले. त्याच काळात बायकांनी गावोगावी दारूची मडकी फोडली. घरात येणारी मजुरी गुत्त्यात जाऊ नये, हा त्यांचा रोकडा हिशेब होता. पुढे आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आला. ज्याला जमीन परत मिळाली, त्याच्यापुढे ‘आता कोणाकडे कामाला जाऊ?’ हा प्रश्न उरला नाही.

शहरी अनुभवही याहून फार निराळा नाही. पुण्यात १९८६ मध्ये अनिल व अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक, कार्यकर्ते म्हणून काम करू लागली. एरवी नोकरीच्या अर्जात जी वर्षे लपवावी लागतात, तीच तेथे कामाचा अनुभव ठरली. मात्र दारू सोडलेला प्रत्येक जण समुपदेशक होऊ शकत नाही; आमच्याकडे तर नाहीच.

आमच्याकडे दारू सोडलेला तरुण आजही बहुधा ऊसतोडीला गुजरातेत जातो. तिथे मुकादमाची उचल आहे, थकवा आहे आणि संध्याकाळी ओळखीची बाटलीही आहे. म्हणून कामाची निवड करताना मी तीन गोष्टी पाहायला सांगतो : उचल किती, पगार कोणाच्या हातात पडतो आणि संध्याकाळ कोणाच्या संगतीत जाते. अक्कलकुवा-धडगावकडचा आमचूर, मोहफुलांचे खाद्यपदार्थ, पपई-मिरचीच्या हंगामातले काम किंवा गावातच गवंडीकाम, मोटार दुरुस्ती अशी कामे या कसोटीवर तपासता येतात.

आणखी एका व्यक्तीचा विचार राहून जातो : भट्टी लावून पोरे वाढवणारी एकटी बाई. गाव दारू सोडते, तेव्हा तिचाही रोजगार जातो. तिला दुसरे काम मिळाले नाही, तर भट्टी गावाबाहेर नाल्यात हलते, एवढेच. दारूबंदीचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेने त्याच बैठकीत तिच्या कामाचाही ठराव करावा. शंभर वर्षांच्या या इतिहासातून मला तरी एवढे कळले आहे.