‘फुगवून सांगणे’ म्हणजे नेमकं काय?

आज आपण एकच क्रियापद घेऊ : फुगवणे. भिजवलेले हरभरे फुगतात, तेलात पुरी फुगते, पावसाळ्यात नदी फुगते. या सगळ्यांत मुळात काहीतरी असतं आणि ते आकाराने वाढतं. लाटलीच नाही ती पुरी फुगणार कशी? ‘फुगवून सांगणे’ याचा अर्थ इथेच सापडतो.

थाप मारणारा मुळात नसलेलं सांगतो. फुगवणाऱ्यापाशी खऱ्याचा दाणा असतो. सभेला ४० माणसं होती, तो ४०० सांगतो. हटकलं तर म्हणतो, “माणसं आली नव्हती का?” आली तर होती! म्हणून थाप पकडता येते, फुगवलेलं चटकन पकडता येत नाही.

मग आई मुलाला म्हणते, “शंभरदा सांगितलं तुला!” हे फुगवणं आहे का? आम्हांला तसं वाटत नाही. आईने शंभर मोजलेले नाहीत, हे मुलालाही ठाऊक असतं. ही अतिशयोक्ती झाली. भामहाने ‘काव्यालंकारा’त अतिशयोक्तीला वक्रोक्तीच मानलं आणि ती सगळ्या अलंकारांच्या मुळाशी ठेवली. फुगवणाऱ्याची इच्छा मात्र अशी असते, की ऐकणाऱ्याने आकडा खराच धरावा. दोन्हीकडे शब्द तेच असू शकतात, हेतू निराळा असतो.

हेतूंमध्येही प्रती असतात. ॲरिस्टॉटल ‘निकोमेकियन एथिक्स’च्या चौथ्या पुस्तकात बढाईखोराचा विचार करतो. काही मिळवायचं नसताना बढाई मारणारा त्याला दुष्टापेक्षा पोकळ वाटतो. मानासाठी मारणाऱ्याला तो फार दोष देत नाही. पैशासाठी मारणारा अधिक वाईट.

आता कोणी म्हणेल, थोडं फुगवलं तर बिघडलं कुठे? आम्ही प्राध्यापकही “या वर्गाला काहीच येत नाही” असं म्हणतच आलो की! बिघडतं ते ऐकणाऱ्याच्या बाजूला. तो वजावट करायला शिकतो : “सांगतोय ना, मग निम्मं धरा.” एकदा ही सवय लागली, की समोर कोण आहे हे तो पाहत नाही. एखादी म्हातारी आपलं दुखणं जेवढं आहे तेवढंच सांगते, आणि घरातले तिचंही निम्मंच धरतात.

फुगवणारा आपला फुगा घेऊन निघून जातो. किंमत मोजते ती मोजकं बोलणारी म्हातारी.