दाखले ठेवावेत कुठे?

2019 च्या पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी भामरागडच्या बाजारपेठेत वारंवार शिरले. अशा पुरात पेटीतला जातीचा दाखला भिजला, तर शिष्यवृत्तीच अडते. म्हणून दाखल्यांची संगणकीय प्रत हवीच. पण ती ठेवायची कुठे?

भारत सरकारचे ‘डिजिलॉकर’ 2015 साली सुरू झाले. त्यात संबंधित खात्यानेच दिलेला दाखला 2016 च्या नियमांनुसार मूळ दाखल्याइतकाच ग्राह्य असतो. आपण फोटो काढून चढवलेला कागद मात्र निव्वळ प्रत. हा भेद आमच्या वर्गात फार थोड्यांना ठाऊक आहे.

गूगल ड्राइव्हवर 15 जीबी जागा फुकट मिळते, पण ईमेल आणि छायाचित्रेही तीतच मोजली जातात. महाविद्यालयाने दिलेल्या खात्याची किल्ली महाविद्यालयाकडे असते. पटावरून नाव गेले की ते बंद होऊ शकते. तेव्हा आपले दाखले आपल्याच खात्यात ठेवावेत. उलट, प्राध्यापकांनी आमच्या गुणांच्या याद्या महाविद्यालयाच्याच खात्यात ठेवाव्यात, व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नयेत, अशी माझी नम्र विनंती आहे.

नुसत्या पासवर्डवर भिस्त ठेवू नये. दुहेरी पडताळणी लावावी. आपल्या भागाची खरी अडचण येथेच आहे. सेतू केंद्रात इंटरनेट असते, पण आपल्या सिमला रेंज नसते. ओटीपी येत नाही, म्हणजे चोराबरोबर मालकही दाराबाहेर! यासाठी गूगल 10 राखीव संकेतांक देते. प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत, फक्त दाखल्यांच्या पेटीत नकोत.