चोपण माती आणि विरल मृत्तिका

अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत प्रवरेच्या कालव्यांखालील कांहीं काळ्या जमिनी अति पाण्यानें व निचऱ्याच्या अभावीं चोपण झाल्या. अशा जमिनींत शेतकरी जिप्सम घालतो. काळ्या मातीचे सूक्ष्म कण विद्युद्भार असलेले अणू, म्हणजेच आयन, आपल्या अंगीं धरून ठेवतात. जिप्सममधील कॅल्शियम तेथें जागा घेतें आणि सोडियम सुटून पाण्यांत उतरतें. या अदलाबदलीस आयन-विनिमय म्हणतात. मातीचा हा गुण इंग्लंडांत थॉम्पसन व वे यांनीं १८५० च्या सुमारास दाखवून दिला.

याच गुणानें पुढें रसायनशास्त्रांतील एक अवघड पेंच सुटला. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतचीं पंधरा मूलद्रव्यें विरल मृत्तिका या नांवानें ओळखलीं जातात. केरळच्या मोनाझाइट वाळूंत यांपैकीं अनेक एकत्र नांदतात. त्यांचे गुणधर्म जुळ्या भावंडांप्रमाणें सारखे; शेजारच्या दोघांच्या आयनांच्या आकारांत शेंकडा एक-दोनांचाच फरक. अमेरिकेंत चार्ल्स जेम्स यांस १९११ सालीं शुद्ध थुलियमसाठीं सुमारें १५,००० वेळां स्फटिक पाडावे लागले.

१९४७ सालीं अमेरिकन संशोधकांनीं नवी रीत प्रसिद्ध केली. कृत्रिम राळेच्या बारीक मण्यांनीं भरलेली उंच नळी उभी करावयाची व मिश्रण वरून सोडावयाचें. मणी सर्व आयन धरून ठेवतात. मग सायट्रिक आम्लाचें द्रावण अमोनिया मिसळून हळूहळू सोडावयाचें. श्रीगोंद्याच्या लिंबांचा आंबटपणा तो याच आम्लाचा. आम्ल आयनास ओढून नेतें, खालचा मणी त्यास पुन्हां पकडतो. लहान आयनावर आम्लाची ओढ अधिक, म्हणून तो किंचित् पुढें सरकतो. एका अदलाबदलींत हा लाभ नगण्य. तथापि नळीभर ती शेंकडों वेळां घडते. पंढरीच्या वाटेवर ज्याचे मुक्काम थोडे तो आधीं पोंचतो, त्याप्रमाणें ल्युटेशियम प्रथम व लँथॅनम अखेरीस बाहेर पडतें.

आज मोठ्या प्रमाणावरील काम एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांच्या साह्यानें होतें. अतिशुद्ध द्रव्य थोडें हवें असल्यास मात्र ही नळी अद्याप उपयोगी पडते. तिची एक अट आहे. सुटलेला अंश वाहून गेला पाहिजे व खालीं वेगळा धरला पाहिजे; नाहीं तर सारें पुन्हां एकत्र होतें. चोपण शेताचेंही तसेंच आहे. जिप्सम कितीही घातलें, तरी चर खणून निचरा केला नाहीं, तर सुटलेलें सोडियम मुळांपाशींच राहतें आणि शेतकऱ्याचा खर्च वायां जातो.