चवदार तळ्याचे दफ्तर

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसलेल्या महाड शहराची ख्याती चवदार तळ्यामुळे देशभर पोहोचली. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी भरलेली परिषद, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतलेले पाणी आणि २५ डिसेंबरचे मनुस्मृतिदहन हा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. मात्र त्या दोन घटनांच्या मागे-पुढे जमलेले कागद, म्हणजेच या लढ्याचे दफ्तर, अभ्यासकांच्या बाहेर फारसे कोणी वाचत नाही.

या दफ्तराचा आरंभ रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावापासून होतो. सार्वजनिक पाणवठे, शाळा व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने संमत केला आणि ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून तळे खुले केले. पण सत्याग्रहानंतर, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, तिनेच आपला ठराव मागे घेतला. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी नेमकी चार वर्षे पूर्ण झाली होती.

यापुढचे कागद न्यायालयातले आहेत, आणि खरे मोल त्यांचेच आहे. महाडमधील काही स्पृश्य रहिवाशांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी दावा (क्रमांक ४०५) दाखल केला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम, म्हणजे निकाल लागेपर्यंत तळ्यावर जाण्यास बंदी करणारा आदेश, मिळवला. त्यामुळे डिसेंबरच्या परिषदेने तळ्यावर जाणे स्थगित केले. तळे आपले खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असे वादींचे म्हणणे होते. महाड आणि ठाण्याच्या न्यायालयांनी ते फेटाळल्यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी अपील नामंजूर केले. १९२२ साली अहमदाबादेत महात्मा गांधींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच ब्रूमफील्ड होत. वहिवाटीला कायद्याचे बळ मिळण्यासाठी ती स्मृतिकालापलीकडची असल्याचे सिद्ध व्हावे लागते आणि वादींना ते सिद्ध करता आले नाही, हा या निकालाचा गाभा होय. परंपरेचा हवाला देणाऱ्यालाच तिचा पुरावा मागणारा हा निवाडा सत्याग्रहाइतकाच महाडच्या अभिमानाचा विषय असायला हवा.

आता प्रश्न उरतो तो असे कागद जपण्याचा. बाबासाहेबांच्या वैयक्तिक संग्रहातील ग्रंथांचा एक भाग मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे, तर त्यांचे लेखन महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून, प्रथम वसंत मून यांच्या संपादनाखाली, खंडरूपाने प्रसिद्ध केले. खुद्द महाडात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय १९६१ पासून चालू आहे. सत्याग्रहात उतरलेल्या घराण्यांची पत्रे, छायाचित्रे, पावत्या यांना या भागात तेच सर्वांत स्वाभाविक ठिकाण आहे.

घाई करण्याचे कारण पावसाने दिले आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ आणि वस्ती पाण्याखाली गेली, आणि भिजलेला कागद परत मिळत नाही. महाड-पोलादपूरच्या ज्या घरांत आजोबा-पणजोबांच्या काळचे असे कागद ट्रंकेत किंवा माळ्यावर पडून असतील, त्यांनी मूळ प्रत स्वतःकडे ठेवूनही छायाप्रत महाविद्यालयाकडे द्यावी, आणि ते काम पुढच्या पावसाळ्याआधी करावे.